चालत्या मशीनलाच हार

नाही पुरुषोत्तमभाऊ, तो चबुतरा मला आजही पटत नाही. फोनवर तुम्ही म्हणालात, ग्रेनाइट लावू, मशीनला पिवळा रंग देऊ, पात्यावर उस्तादांचं नाव घालू, संध्याकाळी दिवे लागतील आणि उमरेड रोडवरून येणारा-जाणारा बघत जाईल. बघत जाईल, हे खरं. पण मशीन म्हणजे काय बघायची वस्तू आहे का? मी तेव्हाही हेच म्हटलं आणि तुम्ही फोन ठेवून दिला. आता तुम्हीच या गौरवग्रंथासाठी माझ्याकडून लेख मागितला आहे, तर उरलेलं भांडण इथेच करतो. छापायचं की नाही, ते समितीने ठरवावं.

ज्यांना हा वाद माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचे उस्ताद महादेवरावजी मिस्त्री यंदा पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. नागपुरात दिघोरीच्या पुढे त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे आणि गॅरेजच्या अंगणात त्यांचा जुना चेनवाला डोजर उभा आहे. म्हणजे चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांच्या चेनीवर चालणारा ट्रॅक्टर, पुढे माती लोटायचं मोठं पातं. एका धरणाचं काम संपल्यावर तिथलं सामान लिलावात निघालं, तेव्हा उस्तादांनी हे मशीन भंगाराच्या भावात उचललं. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. त्यांनी ते खोललं, जोडलं, चालतं केलं, आणि मग कुही, भिवापूर, उमरेडकडची कितीतरी उंचसखल शेतं त्याच्याने सपाट झाली. मागच्या साली धंतोलीत उस्तादांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून मशीन बंद आहे. समितीने समारंभ दसऱ्याला ठेवला आहे. त्या दिवशी मशीन चबुतऱ्यावर चढवायचं आणि पाहुण्यांच्या हातून त्याला हार घालायचा, असं ठरलं आहे. माझं म्हणणं, ते चालू करायचं. भांडण एवढंच.

पुरुषोत्तमभाऊ उस्तादांचे सगळ्यात जुने शिष्य आणि आता समितीचे अध्यक्ष. मी सगळ्यात कमी टिकलेला शिष्य. आठवीत शाळा सोडली. गांधीबागेत कापडाच्या गाठी उचलल्या, तिथे मालकाशी पटलं नाही. पाण्याच्या टँकरवर गेलो, तिथे ड्रायव्हरशी पटलं नाही. मग सक्करदऱ्याला मामांच्या घरी दुपारभर झोपून राहायचो आणि मामी भांडी जरा जास्तच आपटायच्या. शेवटी मामांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि उस्तादांकडे आणलं. माझ्यासमोरच त्यांनी सांगितलं की हा विशीचा झाला पण कुठेच टिकत नाही. मला लाज वाटायच्या ऐवजी राग आला.

उस्ताद डोजरच्या चेनीवर बसून जेवत होते. मामांना त्यांनी काही विचारलं नाही. मी जेवलो का, ते विचारलं. मी हो म्हटलं, ते खोटं होतं, आणि त्यांना ते कळलं असावं. ते सरकले, चेनीवर बसायला जागा केली आणि अर्धी भाकर, तिच्यावर वांग्याची भाजी माझ्या हातावर ठेवली.

"टिकशील तवा टिकशील," ते म्हणाले. "आता बसलाच हाय त सांग, या चेनीत तुले काय दिसते?"

मी म्हटलं, ढिली आहे, वरून लोंबून राहिली. उस्ताद हसले. म्हणाले, सगळे हेच म्हणतात, पुरुषोत्तमबी हेच म्हणे.

तो किस्सा पुरुषोत्तमभाऊ स्वतःच लग्नाकार्यात सांगतात, म्हणून मी सांगितला तर ते रागावणार नाहीत. कुहीकडच्या एका शेतकऱ्याने मशीन कामावर नेताना म्हटलं होतं, चेन लोंबते, बरी दिसत नाही, गावात लोक हसतील. पुरुषोत्तमभाऊंनी उस्तादांना न विचारता ती ढोलकीसारखी कसून दिली. मशीन मोठ्या रुबाबात गावातून गेलं. शेतात काळी माती ओली होती. ती चेनीत भरत गेली, आधीच कसलेली चेन आणखी ताणत गेली, आणि दुपारी तुटून साप पडावा तशी मागे पडली. सगळा गाव बघायला जमला. उस्ताद सायकलने पोहोचले. शिष्याला एक शब्द बोलले नाहीत. शेतकऱ्याला मात्र म्हणाले, चेन लोंबते ती मातीला जागा म्हणून, आता सांगा, कधी जास्त बरी दिसत होती?

त्यांच्या कामाबद्दल लिहायचं तर मला या चेनीबद्दलच लिहिता येईल, कारण मला तेवढंच नीट येतं. चेनीच्या दर सांध्यात एक पिन असते, पिनेवर बुश, म्हणजे लोखंडी नळी. ओढ नेहमी एकाच बाजूने पडते, म्हणून दोन्ही एकाच बाजूने झिजतात. झिजले की चेन लांबते, चाकाचे दात तिला पकडत नाहीत, आणि माणूस नवी चेन आणायला निघतो. उस्ताद त्याला थांबवायचे. पिन आणि बुश प्रेसवर दाबून काढायचे, अर्धं वळण फिरवायचे आणि परत बसवायचे. आता कोरी बाजू कामाला लागते, आणि तीच चेन जवळपास तितकंच पुन्हा चालते. हे एकदाच करता येतं, पण एकदा येतं. म्हणूनच स्पेअर पार्टवाल्यांना उस्ताद आवडायचे नाहीत. पुढे पुरुषोत्तमभाऊंनी स्वतःच स्पेअर पार्टचं दुकान टाकलं, तेव्हा उस्तादांनी उद्‌घाटनाला जाऊन नारळ फोडला आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला सांगितलं, हे घेऊ नोको, तुहं जुनं फिरवून देतो. पुरुषोत्तमभाऊ म्हणतात, असा आशीर्वाद कोणाला मिळू नये.

आता त्यांच्या स्वभावाची गोष्ट. ही ते दर नव्या पोराला पहिल्या आठवड्यात सांगायचे, आणि ती त्यांच्या स्वतःच्या चुकीची आहे. भिवापूरकडे काम चालू असताना मशीन तास-दीड तास चालायचं आणि दम तुटल्यासारखं बंद पडायचं. थोडं थांबलं की पुन्हा चालू. उस्तादांनी ठरवलं, डिझेलचा पंप गेला. पंप उतरवला, खोलला, साफ केला, बसवला. पुन्हा तेच. पुन्हा उतरवला. पेरणी तोंडावर आलेली, शेतकरी बांधावर बसून नुसता पाहत होता. शेवटी डिझेल किती उरलं ते पाहायला उस्तादांनी टाकीचं झाकण उघडलं, तर फुस्स करून हवा आत गेली. झाकणाला हवा जायला बारीक भोक असतं. त्यात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. टाकीत हवा जात नाही म्हणून डिझेल खाली येत नव्हतं. पंप पहिल्या दिवशीही चांगला होता.

ही गोष्ट झाकून टाकणं सोपं होतं. शेतकऱ्याला काय कळणार? काडीने भोक मोकळं करायचं आणि पंप दुरुस्त केला म्हणून सांगायचं. उस्ताद बांधावर गेले आणि सांगितलं की चूक माझी, तुमचे दिवस मी फुकट घालवले, या कामाची मजुरी घेणार नाही. शेतकऱ्याने विचारलं, मग हे सांगता काहून? तर म्हणाले, उद्या तुमच्या मोटारीचं असंच झालं त तुमी पंप खोलू नये म्हनून. आजही आम्ही शिष्य एकमेकांना फोनवर काही बिघाड सांगितला की समोरचा आधी एवढंच विचारतो, झाकण पाहिलं का?

मला लिहिता कसं येतं, असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी एक सांगतो. मला नीट येत नव्हतं. आठवीत गेलेल्या माणसाला येतं असं सगळे धरून चालतात, पण जोडाक्षर आलं की मी थांबायचो. उस्तादांना हे एका डब्यावरचं नाव मी चुकीचं वाचलं तेव्हा कळलं. त्यांनी कोणासमोर काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मला खडू दिला आणि सांगितलं, दिवसभरात मशीनचं जे केलं ते संध्याकाळी पात्यावर लिहायचं. डोजरचं पातं म्हणजे शाळेच्या फळ्याहून मोठं. मी लिहायचो, ग्रीस भरला, फिल्टर बदलला, उजव्या बाजूचा रोलर गळतो. उस्ताद चहा पिताना वाचायचे आणि चुकलेल्या अक्षरावर नुसतं बोट ठेवायचे. सकाळी मशीन कामावर गेलं की माती सगळं पुसून टाकायची. पुसलं जातं म्हणून मला भीती वाटली नाही. वहीत लिहायला सांगितलं असतं तर मी पळालो असतो.

तसा मी पळालोच, दोनदा. एकदा सुरतेला, एकदा हैदराबादला. दोन्ही वेळा परत आलो तेव्हा उस्तादांनी कुठे होता विचारलं नाही, हात धुवून घे म्हणाले, जेवण झालं नसेल. काकू, म्हणजे उस्तादांच्या सौभाग्यवती, त्या मात्र सगळं विचारायच्या आणि वर म्हणायच्या, "याच्या पायाले चाकं हायेत, तुमी चेन लावा याले." उस्ताद म्हणायचे, "चाकं असन त चाकं. गाडी वापस येते ना वं?"

माझ्या आईचं पोटाचं ऑपरेशन धंतोलीतच झालं होतं. आत आई आणि बाहेर मी. मला बाकावर बसवेना. उठायचो, जिना उतरायचो, पुन्हा चढायचो, नर्स दोनदा रागावली. उस्ताद कामाचे कपडे बदलून आले होते, पण नखांतला ग्रीस तसाच होता. ते माझ्या जागेवर बसले आणि म्हणाले, "तुले बसवत नाही, तू फिरून ये. मी बसतो." मी बाहेर रस्त्यावर फिरत राहिलो आणि ते दुपारपासून आईला बाहेर आणेपर्यंत त्या बाकावर बसून होते. मला त्या दिवशी कोणी धीर धर म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. त्यांनी माझं बसणं स्वतःकडे घेतलं. असं कोणी करू शकतं हे मला माहीतच नव्हतं.

मी अरुणाचलला रस्त्याच्या कामावर जायला निघालो तेव्हाही त्यांनी अडवलं नाही. स्टेशनवर आले आणि मला सांगितलं, "तिथी चिखल रात्रीतून गोठते म्हंतात. काम संपलं का त्याच येळी चेन साफ कर जा, न्हाई त सकाळी मशीन जागचं हलत नाही." हे त्यांना कुठून कळलं, ते काकूंनी नंतर सांगितलं. गल्लीतल्या एका फौजेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांकडे ते दोन संध्याकाळी जाऊन बसले होते, तिकडची माती कशी, थंडी किती, विचारायला. इथे माझं मशीन नवं आहे, काचेची केबिन, हातात एक दांडी. तरी मी रोज संध्याकाळी फावड्याने चेन खरवडतो. आधी इथली पोरं हसायची. थंडी पडल्यावर त्यांनीही फावडी घेतली.

आता दसऱ्याचं. सगळ्या नागपुरात त्या दिवशी गॅरेज बंद असतात. अवजारं धुवून पाटावर ठेवतात, मशीनला हार घालतात, आणि त्या दिवशी त्यांना हात लावत नाहीत. उस्तादांची रीत उलटी. आमच्या डोजरला सुरू करायला एक छोटं पेट्रोलचं इंजिन आहे, ते दोरी ओढून चालू करायचं, ते गरम झालं की मग त्याच्या जोरावर मोठं डिझेल इंजिन उठतं. दसऱ्याला हे काम उस्ताद स्वतः करायचे. अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून दोरी ओढायचे. पोरांना सांगायचे, पयले लहान्याले उठवा, मंग लहाना मोठ्याले उठवते. मोठं इंजिन लागलं, काळा धूर विरळ झाला, आवाज एका लयीत आला की मगच झेंडूचा हार, हळद-कुंकू, नारळ. काकू ओवाळायच्या आणि मशीन धडधडत असायचं. एकदा छोटं इंजिन ऐकेना. भटजींना पुढच्या घरी जायचं होतं, त्यांनी म्हटलं, घालून टाका हार, देवाला चालते. उस्ताद म्हणाले, देवाले चालत असन, याले चालत नाही. आणि भटजींना चहा देऊन बसवून ठेवलं. बंद मशीनला हार घालणं म्हणजे मेलेल्याच्या फोटोला घालणं, असं ते मानतात.

पुरुषोत्तमभाऊ, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. तुम्ही त्यांच्या हाताखाली दोरी ओढलेली आहे. तरी तुम्ही चबुतरा काहून बांधून राहिलात, तेही मला समजतं. उस्तादांच्या ऑपरेशनच्या वेळी तिथे बसायची पाळी माझी होती. इकडे दरड कोसळून रस्ता बंद होता आणि मी निघू शकलो नाही. त्या बाकावर तुम्ही बसलात, दुकान बंद ठेवून. डॉक्टरांनी जे सांगितलं ते तुम्ही तुमच्या कानाने ऐकलं: घण उचलायचा नाही, मशीनवर चढायचं नाही. म्हणून तुम्ही मला विचारलं, मशीन चालू असली का उस्ताद घरात बसनार हायेत का? मी फक्त चिडलो. तुम्हाला उस्तादांचा जीव प्यारा आहे आणि मला मशीन, असा त्याचा अर्थ निघत होता, आणि तो मला सहन झाला नाही.

म्हणून मी उस्तादांनाच फोन केला. आधी त्यांनी माझ्या चेनीची चौकशी केली, मग जेवणाची, मग बर्फाची. चबुतऱ्याचं विचारलं तर म्हणाले, "पुरुषोत्तम माह्यासाठीच करून राहिला. त्याले तू काही बोलू नोको."

मी म्हटलं, ते बरोबर, पण तुमच्या मनात काय आहे?

"माह्या हातून आता घन उचलत नाही, मले समजते गा," ते म्हणाले. "मी चढनार नाही. हातबी लावनार नाही. पन दसऱ्याले त्याचा आवाज आयकला असता त बरं वाटलं असतं."

मागून काकूंचा आवाज आला, "खुर्चीवर बसवून ठेवीन मी यायले. उठले त दोरीनं बांधीन."

उस्तादांनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. हेही त्यांनी मागितलं नाही, मी खणून काढलं. तेच मी दुसऱ्या दिवशी पुरुषोत्तमभाऊंना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, नुस्तं इंजन चालू करून काय होते, चेन संपलेली हाय, मशीन जागचं हलनार नाही, आन न हलनाऱ्या मशीनपुढे उस्ताद खुर्चीवर किती वेळ बसतीन? बरोबर आहे. पण या मशीनवर शेवटी जी चेन चढवली, ती अजून एकदाही फिरवलेली नाही. तिची दुसरी बाजू कोरी आहे. मी दसऱ्याच्या आधी रजा घेऊन येतो. घण मी उचलतो, प्रेसवर पिना पुरुषोत्तमभाऊंची पोरं दाबतील, उस्ताद लिंबाखाली खुर्चीवर बसून आम्हाला शिव्या देतील. शिव्या द्यायला डॉक्टरांची मनाई नाही, हे मी विचारून घेतलं आहे.

या ग्रंथाच्या वाचकांना, उस्तादांच्या सगळ्या शिष्यांना, आणि ज्यांची शेतं त्यांनी सपाट केली त्या सगळ्यांना माझी विनंती आहे की दसऱ्याला या, पण सकाळी लवकर या, छोटं इंजिन चालू होतं तेव्हा या. आणि उस्तादांसाठी माझी एवढीच प्रार्थना आहे: डॉक्टरांनी त्यांच्या छातीत जे काम केलं आहे ते त्यांच्या स्वतःच्या हातच्या कामासारखं टिको. त्यांना गॅरेजपर्यंत रोज चालत जाता येवो, काकूंच्या हातची वांग्याची भाजी पचत राहो, कान असेच तिखट राहोत, आणि आमच्यापैकी कोणाची चेन जास्त कसलेली आहे हे त्यांना शंभराव्या वर्षीही दुरूनच कळत राहो.

राहिला प्रश्न खर्चाचा. पुरुषोत्तमभाऊ शेवटी म्हणाले, चबुतऱ्याची वर्गणी लोकांनी चबुतऱ्यासाठी दिली आहे, तिला दुसरीकडे हात लावता येणार नाही. चेनीचं तू पाहत असशील तर चबुतऱ्याच्या पायासाठी खणलेला खड्डा मी सोता बुजवतो. तर भाऊ, खड्डा बुजवायला घ्या. दोन्ही बाजूंच्या पिना-बुश फिरवायची प्रेसची मजुरी, रोलरची सीलं, नवे फिल्टर आणि पेट्रोल-डिझेल मिळून तुम्ही जो आकडा सांगितला तो पुरता, बेचाळीस हजार रुपये, आज तुमच्या खात्यावर पाठवतो आहे.